आडत
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्याची जुळवाजुळव सुरू असताना ग्रुपवर बऱ्याच जणींनी विचारलं, "लिंक टाकून घरबसल्या पैसे मिळतात म्हणे, खरं का?" मी सॉफ्टवेअरवाली, त्यात हा उद्योग स्वतः करून पाहिलेली. म्हणून माईक माझ्या हाती आला.

याला अफिलिएट मार्केटिंग म्हणतात. चाळीसगावकरांना ते समजावणं सोपं आहे. बाजार समितीत आडत्या काय करतो? माल त्याचा नसतो. तो सौदा जुळवतो आणि आडत घेतो. इथेही दुकान दुसऱ्याचं असतं, गिऱ्हाईक तुमच्या शब्दावर येतं. तुमच्या लिंकमध्ये तुमची खूण असते. तिच्यावरून खरेदी झाली की दुकान तुम्हाला टक्केवारी देतं. गिऱ्हाइकाला सहसा किंमत तीच पडते.

अमेझॉनची अशी योजना अमेरिकेत १९९६ पासून आहे. कंपनीचं भारतातलं दुकान २०१३ मध्ये सुरू झालं. नोंदणी फुकट असते, पण आपलं संकेतस्थळ किंवा चॅनेल नोंदवावं लागतं. पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. लिंक उघडल्यापासून २४ तासांत वस्तू टोपलीत पडली पाहिजे. स्वतःच्या लिंकवरून स्वतः घेतलेलं धरत नाहीत.

पाटणादेवीच्या सहलीत भास्कराचार्यांची गोष्ट ऐकलेले आपण. थोडा हिशेब करू. दोन हजारांचा मिक्सर, टक्केवारी ५ धरली, तर हाती १०० रुपये. महिन्याला ४,००० हवे असतील तर ४० मिक्सर विकले गेले पाहिजेत. शंभर जणांनी वाचलं तरी घेणारे बोटावर मोजण्याइतके. माझ्या पहिल्या सहा महिन्यांची कमाई एका पैठणीलाही पुरली नसती.

आता जे सांगायला उभी राहिले ते सांगते. २०२१ मध्ये मी आपल्याच ग्रुपवर एका ऑनलाइन कोर्सची लिंक टाकली. त्यावर आडत घसघशीत होती. कोर्स मी स्वतः उघडूनही पाहिला नव्हता आणि मला पैसे मिळणार हेही लिहिलं नव्हतं. आपल्यातल्या एकीनं माझ्या शब्दावर मुलासाठी तो घेतला. धडे जुने निघाले, शंकांना उत्तर देणारं कोणी नव्हतं, फी परत मिळाली नाही. शेवटी मी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "आधी सांगितलं असतंस तरी घेतला असता गं. पण चार प्रश्न जास्त विचारले असते."

मिळालेली आडत मी तिच्यापुढे ठेवली. तिनं आढेवेढे न घेता ती घेतली. मला त्याचंच बरं वाटलं. आज तिला विचारूनच हे सांगतेय.

आडत घेण्यात कमीपणा नाही. आडत्याची आडत सगळ्यांना माहीत असते, माझी लपलेली होती. ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जाहिरातदाराशी असलेलं असं नातं उघड करावंच लागतं. एक ओळ पुरते: "या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं." ती लिहायला लागल्यापासून माझी विक्री घटली, पण प्रश्न विचारणारे वाढले आणि तेच पुन्हा येतात.

सुरुवात करायची असेल त्यांना एवढंच सांगेन. आपल्याला खरंच कळतं असा एकच विषय घ्या. कुणाला ठिबक कळतं, कुणाला शिलाई मशीन, तर कुणाला भरताची वांगी भाजायची जाळी. वापरलेल्याच वस्तूंबद्दल मराठीत लिहा किंवा व्हिडिओ करा, खोडही सांगा. कमाई विवरणपत्रात दाखवा. नोकरी सोडू नका. आणि कुणी आधी पैसे भरायला, वर माणसं जोडायला सांगितलं तर ती साखळी आहे. तिच्यावर १९७८ पासून कायद्यानं बंदी आहे.

या सभागृहात बसलेले आपण एकमेकांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. गणिताची वही एकमेकांची उतरवली तेव्हापासूनची ती सवय आहे. तिच्यावर आडत लावायची असेल तर आधी सांगून लावू या.