हेन्री गँट आणि कामाचा तक्ता

यंत्रशास्त्राची पदवी घेतलेल्या तरुणाचें आयुष्य यंत्रांच्या खडखडाटांतच जावयाचें, असा सर्वसाधारण समज असतो. हेन्री लॉरेन्स गँट या अमेरिकन इंजिनियराची वाट मात्र यंत्रांकडून माणसांकडे व माणसांकडून काळाच्या हिशेबाकडे वळली.

गँटचा जन्म १८६१ सालीं मेरीलंडमध्यें झाला. बाप जमीनदार, पण यादवी युद्धानंतर घरची संपत्ति गेली. कांहीं काळ शाळामास्तरकी करून त्यानें १८८४ सालीं स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटची पदवी मिळविली, आणि १८८७ सालीं तो फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यांत शिरला. तेथें फ्रेडरिक टेलर घड्याळ लावून मजुरांच्या कामाचा वेळ मोजीत असे. गँट मोजमाप शिकला. पण त्याच्या अंगची मास्तरकी गेली नाहीं, हें बरेंच झालें!

१९०१ सालीं बेथलहेमच्या कारखान्यांत त्यानें नवी वेतनपद्धति आणली. नेमलेलें काम वेळेंत झालें तर मजुरास रोजावर बोनस. न झालें तरी रोज बुडत नसे. बोनस मिळविणाऱ्या प्रत्येक मजुरामागें मुकादमासहि कांहीं मिळे, आणि सगळ्यांनींच तो मिळविला तर अधिक मिळे. मागें पडलेल्या मजुरावर ओरडण्यापेक्षां त्यास शिकविणें मुकादमाच्या फायद्याचें झालें.

१९१७ सालीं अमेरिका महायुद्धांत उतरली आणि गँट सरकारच्या दारूगोळा खात्याचें व पुढें जहाजबांधणीचें काम पाहूं लागला. मागणी किती व माल तयार किती, याचे आंकडे कचेरींत येत. पण काम वेळेवर आहे कीं मागें, हें त्यांवरून उमगत नसे. गँटच्या तक्त्यांत आडवी दिशा म्हणजे काळ. ठरलेलें काम पातळ रेघेनें व झालेलें काम जाड रेघेनें दाखवावयाचें. जाड रेघ आजच्या तारखेच्या अलीकडेच थांबली कीं दिरंगाई उघडी पडली!

घरच्या लग्नाचें उदाहरण घ्यावें. आचारी पहांटे हजर झाला, पण शिधाच आला नाहीं, तर हात जोडून बसण्यावांचून तो काय करणार? कारखान्यांतहि असेंच घडतें आणि बोल मात्र मजुरास लागतो. मजूर कां थांबला, यंत्र कां उभें राहिलें, हें गँट नोंदवून घेई. आणि माल न आल्यामुळें काम अडलें असेल तर बोट मालकाकडे वळे. उभ्या यंत्राचा खर्च तयार मालाच्या किंमतींत लपवूं नये, असें त्यानें १९१५ सालींच अमेरिकन यंत्र-इंजिनियरांच्या परिषदेपुढें मांडलें होतें. मालकवर्गास हें फारसें गोड लागण्यासारखें नव्हतेंच.

अशा तऱ्हेचा आलेख पोलंडच्या कारोल आदामिएत्स्कीनें १८९६ च्या सुमारासच रचला होता. तेव्हां शोधाचें सारें श्रेय गँटचें नव्हे. तो १९१९ च्या नोव्हेंबरांत वारला. १९२२ सालीं त्याचा सहकारी वॉलेस क्लार्क यानें या तक्त्यावर पुस्तक लिहिलें आणि गँटचें नांव त्यास कायमचें चिकटलें.