लेकरानं देवाबद्दल शंका काढली तर



गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज आणि हप्ते यांवर बोलतो. वही मिटली, चहा आला, की मग घरातल्या गोष्टी निघतात. आमच्या भागातल्या ख्रिस्ती मैत्रिणींकडून अशा वेळी एक काळजी मी बऱ्याचदा ऐकते. मुलगा कॉलेजला गेला आणि रविवारी चर्चला यायचं बंद झाला. मुलगी विचारते, "देव आहे हे कशावरून?" आई घाबरते, बाप चिडतो, आजी रडायला लागते. आज त्यावर बोलू या. मी ख्रिस्ती घरातली आहे, त्यामुळे उदाहरणं आमच्याकडची देईन. पण तुमच्या घरात पूजा असो की नमाज, वयात आलेलं लेकरू प्रश्न विचारतंच. म्हणून सगळ्यांनीच ऐका.

असा प्रश्न आला की घरात बहुतेक तीनच गोष्टी होतात. एक तर मुलाला गप्प बसवतात. नाहीतर "याच्यात सैतान शिरला" म्हणून चारचौघांत उभं करून त्याच्यासाठी प्रार्थना करतात. किंवा "चर्चला आला नाहीस तर फीचे पैसे नाहीत" अशी धमकी देतात. या तिन्हींमुळे मूल चर्चला येईलही, पण घरात मनातलं बोलायचं बंद होईल. पुढे त्याच्यावर काही संकट आलं तरी ते आपल्याला सांगणार नाही. मला खरी भीती त्याची वाटते.

आता बायबलमध्ये काय आहे ते बघू. योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात थोमाची गोष्ट आहे. येशू पुन्हा उठला हे बाकीच्या शिष्यांनी सांगितलं, थोमाला ते पटलं नाही. स्वतः जखमा बघितल्याशिवाय, हात लावल्याशिवाय मानणार नाही, असं तो म्हणाला. एवढं आपल्याला पाठ असतं. पण त्यापुढे एक बारीक गोष्ट आहे. येशू त्याला भेटला तो आठ दिवसांनी, आणि तेव्हा थोमा त्याच घरात बाकीच्या शिष्यांबरोबर होता. म्हणजे इतरांनी त्याला बाहेर काढलं नव्हतं आणि तोही सोडून गेला नव्हता. शंका मनात घेऊनच तो त्यांच्यात राहिला. येशूनंही त्याला हाकललं नाही, जखमा दाखवल्या. आणि परंपरा असं सांगते, की हाच थोमा पुढे आपल्या देशात, केरळात आला. तिथले जुने ख्रिस्ती लोक आजही त्याचंच नाव सांगतात.

मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप आहे. माझा विश्वास आहे, पण तो अपुरा आहे, त्यातही मला मदत कर, अशा अर्थाचं तो येशूला बोलतो. त्याचं मूल बरं झालं. अपुऱ्या विश्वासाबद्दल त्याला परत पाठवलं नाही. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, त्यातली कितीतरी देवाकडे केलेली तक्रार आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. तेव्हा "असं देवाला विचारायचं नसतं" हे आपण म्हणतो, बायबल म्हणत नाही.

आपल्या मराठी मुलखातही हेच दिसतं. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही तिथल्या धर्मभगिनींना त्या पत्रं लिहून प्रश्न विचारत राहिल्या. मोठ्यांनी सांगितलं म्हणून मानायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्तिसदन उभं केलं आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाई नवऱ्याच्या मागोमाग गेल्या नाहीत. त्या वेगळ्या राहिल्या, त्यांनी आपल्या मनाशी विचार केला आणि 1900 मध्ये स्वतःच्या निर्णयानं ख्रिस्ती झाल्या. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापून आली. देव जवळ आहे असं अनेक वर्षं जाणवत नाही, हे त्यांनी त्या पत्रांत लिहून ठेवलं होतं. तरी त्यांचं काम थांबलं नाही. एवढ्या मोठ्या माणसांची ही गत, तर आपल्या अठरा वर्षांच्या लेकराला शंका आली म्हणून जग बुडत नाही.

आता करायचं काय? पहिलं काम म्हणजे प्रश्न कुठून आला ते ओळखायचं. दुखणं कुठलं ते कळल्याशिवाय औषध देता येत नाही.

काही प्रश्न दुःखातून येतात. आमच्या एका ताईंचे मालक किडनीच्या आजारानं गेले. आजारपणात लोकांनी सांगितलं, विश्वास ठेवा, बरे होतील. ते गेल्यावर त्यातलेच काही म्हणाले, घरच्यांचा विश्वास कमी पडला. बारावीतल्या मुलानं त्या दिवसापासून प्रार्थना सोडली. ताईंनी त्याला वचनं ऐकवली नाहीत. त्या म्हणाल्या, "तुझे पप्पा का गेले ते मलाही कळत नाही बाळा. पण तुझ्यामुळे गेले नाहीत, माझ्यामुळेही नाहीत." त्या रात्री पोरगा पहिल्यांदा रडला. आज तो नाताळाला गाण्यांच्या मंडळात ढोलकी वाजवतो, प्रार्थनेला डोळे मिटत नाही. ताई म्हणतात, चालेल, माझ्याजवळ बसतो तरी. अशा मुलाला आधी माणूस लागतं, उत्तर नंतर.

काही प्रश्न अभ्यासातून येतात. विज्ञानाच्या पुस्तकात एक, उत्पत्तीच्या पुस्तकात दुसरं, मग खरं कुठलं? इथे पुस्तक बंद करायला सांगू नका. आनुवंशिकतेच्या धड्यात वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करणारा मेंडेल असतो ना, तो मठात राहणारा धर्मगुरू होता. विश्व पसरत आहे हे 1927 मध्ये मांडणारे लमेत्र हेही कॅथलिक फादर होते. उत्पत्तीचा अध्याय शब्दशः घ्यायचा की त्यातला अर्थ घ्यायचा, यावर ख्रिस्ती लोकांतही वेगवेगळी मतं आहेत. मुलाला हे सरळ सांगा. आपल्याला येत नसेल तर "मला माहीत नाही, आपण विचारू" म्हणा.

काही प्रश्न माणसांच्या वागण्यातून येतात. प्रवचनात सगळे एक, आणि लग्नाच्या वेळी जात विचारायची. समितीत पैशांवरून भांडणं. मूल हे बघतं आणि म्हणतं, असला धर्म नको. इथे मोठ्यांची बाजू घेऊन पांघरूण घालू नका. चुकीचं आहे ते चुकीचंच म्हणा. मुलाचा राग बऱ्याचदा देवावर नसतो, आपल्यावर असतो.

आणि काही प्रश्न बाहेरच्या बोलण्यातून येतात. "तुमचा धर्म परदेशी" असं कॉलेजात कोणी तरी टोचतं. शिवाय 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. दाखल्यावर काय लिहायचं यावरून घराघरात ओढाताण होते. मग मुलगी विचारते, "मी नक्की कोण?" हा देवाबद्दलचा प्रश्न नाही, स्वतःबद्दलचा आहे. आजोबा-पणजोबा ख्रिस्ती का झाले, त्यांनी काय सोसलं, शिक्षण कसं घेतलं, हे तिला घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकू द्या.

दुसरं काम योग्य माणूस शोधायचं. सगळे पाळक किंवा फादर सारखे नसतात. ज्यांना प्रश्नाचा राग येत नाही, असे निवडा. मुलाला आधी विचारा, "यांच्याशी बोलशील का?" हो म्हणाला तरच न्या, आणि त्यांना एकट्यात बोलू द्या. तिथे काय बोलणं झालं ते खोदून विचारू नका. संडे स्कूलच्या बाईंनाही सांगता येईल, की महिन्यातून एक तास मुलांनी फक्त प्रश्न विचारायचे, चिठ्ठीवर नाव न लिहिता.

तिसरं काम म्हणजे घरातली प्रार्थना चालू ठेवायची, सक्ती करायची नाही. "आम्ही बसतोय, तुला वाटलं तर ये," एवढं पुरे. जेवायला मात्र सगळे एकत्र बसा. प्रार्थनेला आला नाही म्हणून कुणाचं ताट वेगळं होता कामा नये.

एक सावधगिरीची गोष्ट. शंका हा आजार नाही. पण मूल झोपत नसेल, खात नसेल, मित्र तोडत असेल, "जगून काय करायचं" असं बोलत असेल, तर तो प्रश्न प्रार्थनेवर सोडू नका. डॉक्टरकडे न्या. सरकारची टेलिमानस नावाची सेवा आहे, 14416 या नंबरवर दिवसरात्र, फुकट, मराठीतूनही बोलता येतं. हा नंबर आजच गटाच्या वहीवर लिहून ठेवा.

एवढं करूनही मूल परत चर्चला येईलच, असं मी सांगू शकत नाही. काही येतात, काही वेगळ्या वाटेनं जातात. विश्वास हा ज्याचा त्यानं ठरवायचा असतो, आपल्या घटनेच्या पंचविसाव्या कलमानंही तो हक्क प्रत्येकाला दिला आहे. आपल्या हातात एवढंच आहे, की त्यानं आपल्याशी बोलणं थांबवू नये.

पुढच्या बैठकीत चहाच्या वेळी यावर बोला. आपल्या मुलानं विचारलेला एक प्रश्न प्रत्येकीनं सांगायचा. उत्तर द्यायची घाई कुणी करायची नाही, फक्त ऐकायचं. तिथे सवय झाली, की घरीही जमेल.