एका गाळ्याची सात नावं

(मुलुंड येथे वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



दुकानांवरच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून आपण किती वर्षं भांडलो! 2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांत पाट्या लावा म्हणून सांगितलं. मी पाटीवाल्यांच्याच बाजूचा. पण आज ज्या दुकानाबद्दल बोलायचंय, त्याला पाटीच नाही. कुठल्याच भाषेत नाही.

गेल्या दिवाळीत मी दिव्यांच्या दोन माळा घरबसल्या मागवल्या. मुद्दाम दोन वेगळ्या विक्रेत्यांकडून. एक बिघडली तर दुसरी असावी, हा आपला मध्यमवर्गीय शहाणपणा. दोन्ही पेटल्या नाहीत. खोकी शेजारी ठेवून लेबलं वाचली, तर नावं दोन आणि पत्ता एक: साकीनाक्याजवळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा. विक्रीकर खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला असा पत्ता दिसला की पाय आपोआप चपलेत जातात.

तिसरा मजला, मालवाहू लिफ्ट. दाराला सेलोटेपने चिकटवलेला एक कागद, त्यावर सात नावं, सगळी इंग्रजीत. आत खोक्यांचा डोंगर, लेबल छापणारं यंत्र आणि तीन पोरं. डोंगरातून माळ उचलायची आणि ज्या नावाची ऑर्डर असेल त्या नावाचं लेबल डकवायचं. पोरगा अगत्याने म्हणाला, "काका, कंपनी कुठली?" मी दोन्ही नावं सांगितली. "ते शेठ बघतात. तुम्ही रिटर्न ॲपवरूनच टाका." शेठ कुठे? तर घाटकोपरला. घाटकोपरात कुठे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

आता एका पत्त्यावर अनेक नावं दिसली की लगेच चोर चोर म्हणून ओरडू नका. भिवंडीच्या एकेका गोदामाच्या पत्त्यावर जीएसटीत ढिगाने विक्रेते नोंदलेले असतात, आणि ते रीतसर आहे. सुरतचा साडीवाला आपला माल महाराष्ट्रात साठवून विकणार असेल तर त्याला इथे नोंदणी लागते, म्हणून तो गोदामाचाच पत्ता देतो. अंधेरीत तर नुसता पत्ताच भाड्याने मिळतो. टेबल नाही, खुर्ची नाही, फक्त टपाल घेणारा एक माणूस. तेही कायद्याला धरून.

खाण्याचंच बघा. पुण्यातून निघालेली फासोज आज रिबेल फूड्स या नावाने मुंबईतून चालते. त्यांच्या एकाच स्वयंपाकघरातून फासोजचे रोल निघतात, बेहरूझची बिर्याणी निघते आणि ओव्हनस्टोरीचा पिझ्झाही. कंपनी हे लपवत नाही. पण घरात मुलगा पिझ्झा मागवतो, सून बिर्याणी मागवते आणि दोघं आपापल्या हॉटेलची बाजू घेऊन वाद घालतात, तेव्हा मला हसू येतं. पाकिटावरचा अन्नपरवान्याचा 14 आकडी क्रमांक जुळवून पाहा म्हणावं.

मग माझं दुखणं काय? आपल्या बाजारात पाच दुकानं हिंडायची पद्धत आहे. पाच जण पाच भाव सांगतात आणि त्यातून मालाची खरी किंमत आपल्याला कळते. फोनच्या पडद्यावर तीच माळ 349, 379 आणि 399 ला दिसते. आपण हुशारीने 349 ची घेतो आणि घासाघीस जिंकल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तिन्ही भाव त्या घाटकोपरच्या शेठनेच ठरवलेले असतात. घासाघीस तो स्वतःशीच करत असतो, आपण फक्त बघे. शिवाय एका नावावर तक्रारींचा ढीग झाला की ते नाव मिटवायचं आणि दुसरं पुढे करायचं. माल तोच, गाळा तोच, पोरंही तीच. बदनामी तेवढी जुन्या नावाबरोबर जाते.

हा खेळ इंटरनेटने आणलेला नाही. व्हॅटच्या काळात आमच्या खात्याने सुमारे 2 हजार संशयित व्यापाऱ्यांची यादी संकेतस्थळावर टाकली होती. माल न देता नुसती बिलं फाडणारे हे लोक. पत्त्यावर गेलं की कुठे चाळीतली खोली निघे, कुठे चार फर्मचं मिळून एक टेबल. ज्याच्या नावावर फर्म, तो म्हणे, साहेब, मी सह्या केल्या, मला महिन्याचे पैसे मिळाले, बाकी काही माहीत नाही. पण तिथे गिऱ्हाईकही सामील असे, इथे गिऱ्हाईक तुम्ही-आम्ही.

कायद्याला हे कळत नाही असं नाही. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 12 सांगतं की जिथे जिथे कंपनीचा व्यवसाय चालतो तिथे बाहेर, ठळक जागी, कंपनीचं नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता लावलाच पाहिजे, आणि ते दोन्ही स्थानिक भाषेच्या लिपीतही हवं. म्हणजे पाटीची लढाई दिल्लीने केव्हाच जिंकून दिलेली आहे, आपण पाहिलं नाही! 2019 मध्ये तर सरकारने जुन्या कंपन्यांकडून कार्यालयाचा फोटो मागवला. बाहेरून इमारतीचा, आतून संचालकासकट, वर अक्षांश-रेखांश. मला तेव्हा न्यूयॉर्कचं ब्रुकलिन आठवलं. तिथे 2000 नंतर कॅमेरे स्वस्तात विकणारी कितीतरी ऑनलाइन दुकानं निघाली होती. एका रहिवाशाने पत्ते शोधून त्या दारांचे फोटो काढले आणि लोकांसमोर मांडले. झगमगीत संकेतस्थळामागे बंद शटर, आणि एकाच पत्त्यावर दोन-दोन, तीन-तीन नावं. आपल्याकडे तेच काम सरकारने दुकानदारालाच करायला लावलं.

तुम्ही काय करू शकता? बिलावरचा जीएसटी क्रमांक घ्या. 15 अक्षरं असतात. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. दोन नावांच्या बिलांवर ती दहा जुळली तर दुकानदार एकच. मात्र शेठ हुशार असेल तर एक फर्म बायकोची, एक मेहुण्याची, आणि पॅन जुळत नाही. तेव्हा जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकून व्यवसायाची मुख्य जागा बघा. आणि जुलै 2020 चे ई-कॉमर्स नियम आहेत. खरेदीनंतर लेखी मागणी केलीत, तर विक्रेत्याच्या मुख्यालयाचा आणि शाखांचा पत्ता मंचाला तुम्हाला द्यावा लागतो. तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण महिन्याभरात. इथे बसलेल्यांपैकी काही जण मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात असतील. 1975 पासून शेजारपाजारची कुटुंबं मिळून वाणसामान घेताहेत. तिथे डाळीत खडा निघाला तर कुणाची बेल वाजवायची ते माहीत असतं.

माझे पैसे परत आले, तक्रार नाही. पण परवा या भाषणाची तयारी करताना पोर्टलवर पुन्हा पाहिलं. माझ्या दोन नावांपैकी एकाची नोंदणी रद्द झालेली. मग ॲप उघडलं. माळ अजून विकायला आहे, आठव्या नावाने. फोटो जुनाच, माळेमागच्या भिंतीचा पोपडासुद्धा तोच.