तीन हजारांत ब्रेक किती सुधारतो?

गाडी चालवता चालवता ऐकत असाल तर आधी बंद करा, घरी पोचून ऐका. आज ब्रेकवरच बोलायचंय, तेव्हा एवढं तर माझं ऐका.

माझा मावसभाऊ सासवडला राहतो आणि कामाला रोज हडपसरला येतो. म्हणजे रोज सकाळी दिवे घाट उतरणं आलं. गाडी २०१४ची, १५० सीसी. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. महिन्यातून एकदा मावशीला मागे बसवून दवाखान्यात घेऊन येतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, "दादा, घाटाच्या शेवटी शेवटी ब्रेकचा लिव्हर मऊ लागतो. तीन हजार आहेत माझ्याकडे. मोठी डिस्क टाकू की एबीएस बसवून घेऊ?"

एबीएसचं आधी उरकतो. खऱ्या एबीएसला चाकाचा वेग मोजणारा सेन्सर लागतो, ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा मॉड्युलेटर लागतो, आणि त्या गाडीच्या वजनासाठी तयार केलेलं सॉफ्टवेअर लागतं. सॉफ्टवेअर हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून सांगतो, ते कोपऱ्यावरच्या दुकानात 'सेट' होत नाही. ऑनलाइन काही शे रुपयांत 'एबीएस' म्हणून जे छोटं नळकांडं मिळतं, त्यात सेन्सरच नसतो. चाक लॉक झालंय हे त्याला कळणार कुठून? १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९पासून एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीची गाडी असेल तर ते पाहिजे म्हणून गाडीच बदलावी लागते. हे कडू आहे, पण खरं आहे.

आता मोठी डिस्क. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो टायर. आहे त्या ब्रेकने पुढचं चाक लॉक होण्याइतकी ताकद मिळत असेल, तर मोठ्या डिस्कने गाडी लवकर थांबणार नाही. एबीएस नसलेल्या गाडीचं चाक उलट जरा दाबलं तरी लॉक व्हायला लागेल. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बंधनं घालतं, आणि अपघात झाला की विमावाले असलं सगळं बघतात.

मग लिव्हर मऊ का पडतो? इथे थोडं गणित करू. दोन माणसं आणि गाडी मिळून २५० किलो धरा. ताशी ६०च्या वेगात या सगळ्यात साधारण ३५ किलोज्यूल ऊर्जा असते, थांबताना ती बहुतेक ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. तेच वजन १०० मीटर उंची उतरतं तेव्हा जवळजवळ २४५ किलोज्यूल सुटतात. म्हणजे नुसत्या ब्रेकवर उतरलात, तर ६०वरून सात वेळा पूर्ण थांबल्याइतकी उष्णता. थोडी हवा खाते, हे मान्य. बाकीची इंजिनाला खाऊ द्यायची, म्हणजे खालच्या गिअरवर उतरायचं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणारे लोक मला अजिबात कळत नाहीत.

या उष्णतेत मार खातं ते ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवीन डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर हीच हमी १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून लिव्हर स्पंजसारखा आत जातो. भावाच्या टाकीतलं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं. शेवटचं कधी बदललं ते त्याला आठवेना. दोन वर्षांतून एकदा तरी बदलावं. कुठलं घालायचं ते टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. डॉट ५ मात्र घालू नका, ते सिलिकॉनचं असतं आणि या सिस्टीममध्ये चालत नाही.

तर रविवारी ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी खोलली. जुनं ऑइल काढून नवीन भरलं, हवा काढली. कॅलिपरच्या पिना सुकून जाम झाल्या होत्या, त्यामुळे एक पॅड जास्त झिजला होता, दुसरा कमी. पिना साफ करून ग्रीस लावलं, पॅड कंपनीचे नवीन टाकले. मागचे लायनर बदलले, पेडलचा प्ले सेट केला. मजुरीसकट हे सगळं अकराशेच्या आसपास. डिस्कवर ग्रीसचा थेंब पडणार नाही हे तेवढं उभं राहून बघा.

उरलेले पैसे पुढच्या टायरला गेले. यावर तो कुरकुरला, कारण नक्षी दिसत होती. पण टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्याच्या टायरवर ३११६ होतं. म्हणजे २०१६चा एकतिसावा आठवडा. रबर दगडासारखं कडक झालं होतं, नख रुतत नव्हतं. असल्या टायरवर जगातला भारीतला ब्रेक बसवा, पावसाळ्यात घसरायचं ते घसरणारच. नवीन टायर एकोणीसशेला पडला. म्हणजे तीन हजार बरोबर संपले.

नवीन पॅड आणि टायर लगेच पूर्ण पकड देत नाहीत. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायचा नाही. त्यानंतर मोकळ्या मैदानात पुढचा आणि मागचा ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत दाबायची सवय करायची. पुष्कळ जण पुढच्या ब्रेकला घाबरून नुसता मागचा दाबतात. ब्रेक लावला की वजन पुढे जातं, त्यामुळे थांबवण्याचं जास्त काम पुढचंच चाक करतं.

भावाचा परवा मेसेज आला. मावशीला घेऊन घाट उतरला, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, आणि लिव्हर खालपर्यंत कडक राहिला. मावशीची तक्रार एवढीच की गाडी फार हळू चालवतोस. एक काम राहिलंय, पुढच्या ब्रेकचा रबरी पाइप. तोही २०१४चाच आहे आणि वाकवला की बारीक चिरा दिसतात. स्टीलच्या जाळीचा भारी पाइप नको, कंपनीचा साधाच घे म्हणालोय. पगार झाला की बदलतो म्हणालाय, तोपर्यंत मावशी एसटीने येणार.