हप्ता आणि हवामान
(मंडळाच्या वर्धापनदिनी कुही येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण दरवर्षी बाहेरच्या पाहुणीला बोलावतो. यंदा घरच्याच बाईला उभे केले, ते माझ्या विद्वत्तेमुळे खचित नाही. माझ्या बहिणीची मुलगी वैमानिक झाली, म्हणून हा मान मला मिळाला. तिला पहिली नोकरी चालून आली तेव्हा ती घ्यावी की सोडावी, यावर आमच्या घरी पंधरा दिवस खल चालला होता. त्या पंधरा दिवसांत मी जे शिकले, तेवढेच आज सांगणार आहे.

मुलगी बारावीला गणित व पदार्थविज्ञान घेऊन पास झाली. डोळे, कान, हृदय यांची कसून तपासणी झाली आणि ती विमान शिकायला गेली. हे शिक्षण आता आपल्याला परके राहिलेले नाही. गोंदियाजवळ बिरसीलाच नॅशनल फ्लाईंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला निदान २०० तासांचे उड्डाण लागते आणि एकूण खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. बहिणीने दोन एकर विकले, उरलेले बँकेचे कर्ज. परवाना हाती आला तेव्हा आम्ही पेढे वाटले. पण परवाना म्हणजे नोकरी नव्हे, हे पेढे संपल्यावर कळले. मोठ्या कंपन्यांच्या विमानांसाठी त्या त्या जातीच्या विमानाचे वेगळे शिक्षण लागते. त्याला पुन्हा काही लाख! दीड वर्ष मुलगी घरी बसली.

अशा वेळी एका छोट्या कंपनीचे पत्र आले. ही कंपनी ठरलेल्या वेळापत्रकाने विमाने चालवीत नाही, मागणी येईल तसे विमान भाड्याने देते. विमान दोन इंजिनांचे, नऊ आसनांचे. प्रवासी म्हणजे कधी कारखानदार, कधी पुढारी, कधी दूरच्या इस्पितळात न्यायचा रोगी. मुलीला जागा होती सहवैमानिकाची, म्हणजे कप्तानाच्या शेजारी बसायचे. आळीतल्या सगळ्यांचे म्हणणे एकच पडले, "अगं, घेऊन टाक!" भाऊजी तर म्हणाले, "हप्ता सुरू झाला आहे, आता विचार कसला?"

कंपनी छोटी म्हणून नाक मुरडावे, असे मला वाटत नव्हते. आपल्या देशातल्या पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिक प्रेम माथुर. त्यांना १९४७ साली परवाना मिळाला, पण बाई म्हणून कंपन्या घेईनात. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना सहवैमानिक म्हणून घेतले. या कंपनीची विमाने आपल्या नागपूरवरून दिल्लीला जात. १९५३ साली सरकारने अशा आठ कंपन्या एकत्र केल्या आणि त्यांतून इंडियन एअरलाइन्स झाली. पुढे १९८५ साली याच इंडियन एअरलाइन्सचे फोकर विमान कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्त्याहून सिलचरला नेले. त्या विमानात पुरुष कर्मचारी एकही नव्हता. आज आपल्या देशातल्या शंभर वैमानिकांत सुमारे पंधरा बायका आहेत. जगात हे प्रमाण पाचाच्या आसपास आहे. म्हणजे वाट पडलेली आहे, आणि ती एका छोट्या कंपनीच्या दारातूनच गेली आहे.

मग मी मुलीला म्हटले, "करारपत्र वाचून दाखव."

त्यात पहिली गोष्ट निघाली ती बंधनाची. विमानाचे शिक्षण कंपनी आपल्या खर्चाने देणार, त्याबद्दल मुलीने तीन वर्षे नोकरी सोडायची नाही. सोडली तर मोठी रक्कम भरायची. भगिनींनो, आपल्या भागात मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला गेलेल्या बाईला उचल म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. उचल घेणे पाप नव्हे. ती महिन्यामहिन्याने फिटत जाते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, एवढे मात्र आधी विचारावे. मुलीने पत्र लिहून तेच विचारले, आणि दर महिन्याला रक्कम कमी होत जाईल असे कंपनीने लिहून दिले.

दुसरी गोष्ट तासांची. वैमानिकाची खरी मिळकत त्याच्या उड्डाणांच्या वहीत असते. वरच्या परवान्याला १५०० तास लागतात. मुलीच्या वहीत होते २००. महिन्याला ३० तास मिळाले तर उरलेले १३०० तास साडेतीन वर्षांत होतील. १० तासच मिळाले तर जवळजवळ अकरा वर्षे! तेव्हा पगाराच्या आकड्याआधी तासांचा आकडा विचारायचा. तो मुलीने कचेरीत विचारला, आणि तिथल्याच एका तरुण सहवैमानिकालाही निराळा विचारला. दोघांची उत्तरे जुळली, तेव्हा आम्हाला धीर आला.

तिसरा प्रश्न करारात नव्हता. तो मी विचारला. "ज्या दिवशी तुला वाटेल की आज उडू नये, त्या दिवशी तू कोणाला सांगशील? आणि सांगशील ना?"

मुलगी गप्प झाली. मग तिनेच मला तेनेरिफची हकीकत सांगितली. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या त्या बेटावर धुक्यात दोन प्रचंड विमाने एकाच धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. समोरचे विमान पट्टीवरून बाजूला झाले की नाही, अशी शंका उडू पाहणाऱ्या विमानातल्या इंजिन सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने काढली होती. कप्तान मोठे अनुभवी. त्यांनी शंका उडवून लावली आणि पुढे कोणी बोलले नाही. अशा अपघातांनंतर वैमानिकांना मुद्दाम शिकविले जाऊ लागले की धाकट्याने शंका बोलावी आणि थोरल्याने ती ऐकावी.

"शिकविले आहे ना? मग बोलशील," मी म्हणाले.

ती म्हणाली, "मावशी, कप्तानाला सांगायला मी भीत नाही. पण नोकरी गेली आणि हप्ता चुकला, तर बाबांना काय सांगू?"

भाऊजी तिथेच बसले होते. बराच वेळ कोणी बोलले नाही. मला त्या क्षणी उमजले की मुलीच्या शेजारी विमानात आम्ही सगळेच बसणार आहोत. आकाश काळे झाले असताना तिच्या कानात कोणी तरी "हप्ता, हप्ता" म्हणत असेल, तर तो आवाज कंपनीचा नसेल, आमच्या घरचा असेल.

दुसऱ्या दिवशी बहिणीने पाटल्या काढून दिल्या. मी माझी ठेव मोडली. मुलगी रुजू होण्याआधी आम्ही सहा महिन्यांचे हप्ते बँकेत बाजूला ठेवले. भाऊजींनी तिला जवळ बसवून सांगितले, "हप्त्यासाठी उडू नकोस. नोकरी गेली तर घरी ये." मग तिने सही केली.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तिचा फोन आला. पुढे ढगांची भिंत दिसत होती. तिने कप्तानांना आपले मत सांगितले, त्यांनाही ते पटले, आणि विमान अर्ध्या वाटेवरून नागपूरला परत आले. प्रवासी फार रागावले होते. फोनवर भाऊजी एवढेच म्हणाले, "बरे केलेस. जेवलीस का?"

भगिनींनो, आपल्या मुली आता नाना तऱ्हेच्या नोकऱ्यांना निघाल्या आहेत. पगार जरूर विचारा, करारपत्र वाचून घ्या, तिथे काम करणाऱ्या माणसाला गाठा. पण मुलीला "नाही" म्हणण्याची वेळ येईल तेव्हा तिच्या पाठीशी घर असेल, याची तजवीज तिच्या सहीच्या आधी करा. ती तजवीज कोणत्याही कंपनीच्या हातात नाही, आपल्या हातात आहे.