भेगाळणारी काळी जमीन आणि रब्बीची ओल



नोव्हेंबर सरत आला की सोलापूर भागातल्या भारी काळ्या रानात भेगा दिसू लागतात. ओल कमी झाली म्हणून भेग पडते, हे आपण जाणतोच. पण भेग पडली म्हणून उरलेली ओलही जाते, तिकडे आपले लक्ष कमी असते.

या जमिनीत माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तिचे कण पोथीच्या पानांसारखे. पाणी पानांमध्ये शिरले की पोथी फुगते, सुकली की मिटते. घरी बघायचे तर दोन काचेचे ग्लास घ्या. दोन्हींत वाळलेली, चाळलेली माती दोन-दोन बोटे घाला. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल ओता, ढवळा आणि एक दिवस तसेच ठेवा. पाण्यातली माती फुगून वर चढेल, रॉकेलमधली फुगणार नाही. इंजिनिअर लोक बांधकामाआधी अशीच परीक्षा घेतात, आणि ऊन, ओल व वरचा भार यांचा हिशेब एकत्र मांडतात. (आपले वाडवडील पाया मुरुमापर्यंत नेत, ते उगाच नव्हे.)

रानातही हिशेब तोच. वरचा थर तापतो, सुकतो, आकसतो. खालची ओली माती त्याच्याबरोबर आकसत नाही, म्हणून वरचा थर फाटतो. मग भेगेच्या दोन्ही भिंतींना वारा लागतो आणि ज्या खोल ओलीवर कणीस भरायचे, ती बाजूने उडून जाते. भाराचे म्हणाल तर, ओल्या रानात ट्रॅक्टर घातला की माती दबून घट्ट होते. वाफसा येईपर्यंत थांबावे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच एका शेतकऱ्याला म्हणालो होतो, "तण नाही, तर तिसरी कोळपणी कशाला? खर्च वाचवा." त्यांनी ऐकले. शेजारी त्यांच्या भावाच्या रानात मात्र कोळपे फिरले. काढणीला बांधावर उभे राहिलो, तर यांची कणसे पोचट, भावाची भरलेली. "साहेब, ती कोळपणी तणासाठी नसते, भेगा बुजवायला असते," एवढेच ते म्हणाले. मला मान वर करवेना.

तेव्हा ज्वारीला पहिली कोळपणी पेरणीनंतर ३ आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने, दुसरी ५ आठवड्यांनी पासाच्या कोळप्याने करा. तिसरी ८ आठवड्यांनी, दातेरी कोळप्याने. सुटी माती भेगेत पडून तिचे तोंड बुजते. बैलजोडी वेळेवर मिळत नसेल तर आजच शेजाऱ्याशी सावड ठरवून ठेवा.