कोळशाची खाण आणि वसईचा गाळा

(वसई परिसरातील लघुउद्योजक व कामगार यांच्यासाठीच्या भाषणाचा मजकूर)



वसई-विरारच्या भूमीत कोळशाची खाण नाही. महाराष्ट्रातील कोळसा निघतो तो चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर या जिल्ह्यांत. तरीही खाणीतील धुळीच्या स्फोटाचा विषय वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांना परका नाही. लाकडाचा बारीक भुसा, प्लास्टिकची भुकटी, ॲल्युमिनियम घासताना उडणारी पूड ही सारी कोळशाच्या धुळीची भावंडेच होत.

कोळशाचा खडा सावकाश जळतो. त्याचीच भुकटी बंदिस्त जागेत हवेत तरंगू लागली आणि तिला ठिणगी मिळाली, की प्रत्येक कणाला चोहोंकडून हवा मिळून ती क्षणार्धात पेटते. पहिला स्फोट पुष्कळदा लहान असतो. परंतु त्याच्या धक्क्याने जमिनीवर व भिंतींवर साचलेली जुनी धूळ उसळते आणि मागून येणाऱ्या ज्वालेला नवे इंधन पुरवते. खरा संहार होतो तो या दुसऱ्या स्फोटात. फ्रान्समधील कूरिएर येथील खाणीत १० मार्च १९०६ रोजी १,०९९ जण मृत्युमुखी पडले. तेथे ज्वलनशील वायू अल्प होता. ज्वाला धुळीच्याच आधाराने बोगद्यांतून धावत गेली. आपल्या देशात धोरी येथील खाणीत २८ मे १९६५ रोजी २६८ कामगारांचा बळी गेला.

यावर खाणीत चुनखडीच्या दगडाची पांढरी पूड पसरतात. धक्क्यासरशी ती कोळशाच्या धुळीबरोबर उडते, उष्णता शोषून घेते आणि ज्वाला विझते. धुळीत न जळणाऱ्या द्रव्याचे प्रमाण किमान ७५ टक्के असावे, असा दंडक १९५७ च्या कोळसा खाण विनियमांनी घालून दिला.

गाळ्यात मालावर चुनखडी टाकता येत नाही. तेथे धूळ साचू न देणे हाच उपाय. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात २००८ साली साखरेच्या कारखान्यात १४ कामगार दगावले, ते साचलेल्या साखरेच्या धुळीमुळे. एक मिलिमीटरचा थरही धोक्याचा ठरू शकतो, आणि तो डोळ्यांसमोर नसतो. तो छताच्या कैच्यांवर, पंख्यांवर, ट्यूबलाईटच्या पत्र्यावर असतो. अपुऱ्या जागेत शिडी लावून तो काढण्यास सवड मिळत नाही, ही कारखानदारांची तक्रार अगदीच खोटी नाही. म्हणूनच यंत्राच्या तोंडाशीच धूळ ओढून घेणारी नळी बसविणे अखेरीस स्वस्त पडते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३७ चा रोखही हाच होता : यंत्र बंदिस्त करा, धूळ काढा, ठिणगी दूर ठेवा.

सफाईची रीत मात्र सांभाळावी लागते. कॉम्प्रेसरची हवा मारून कैच्या झाडणे म्हणजे स्फोटाला लागणारा ढग आपल्याच हाताने तयार करणे. ॲल्युमिनियमच्या पुडीवर पाणी मारू नये. त्यातून हायड्रोजन हा पेट घेणारा वायू निघू शकतो. धूळ ओढणाऱ्या नळीला अर्थिंग हवे. आणि वेल्डिंगचा कारागीर गाळ्यात येण्यापूर्वी यंत्रे थांबवून भोवतालची धूळ काढलेली असावी, तो आल्यानंतर नव्हे.